वीस हिरवी बोंडं

शब्बीर, काल सकाळी मी तुझ्या वावरात गेलतो. कोणी बोलावलं नव्हतं. कापसाची तिसरी वेचणी चालू आहे, बाया पलीकडच्या बांधाला, धुऱ्याला होत्या. मी अलीकडून आत शिरलो, तिरपा चालत गेलो आणि वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडली. मग धुऱ्यावर बसून एकेक फोडलं. चारांत अळी निघाली. बाहेरून चारही बोंडं ठणठणीत होती, एक डाग नाही. वेचणारी एक बाई म्हणाली, "साहेब, तुमी तं रिटायर झाले ना? आता कायले फोडता?" मी म्हटलं, सवय आहे. खोटं बोललो. सवय असती तर तुझ्यावर हे लिहायची पाळी इतक्या लवकर आली नसती.

तुला माती देऊन बारा दिवस झाले. तिसऱ्याच दिवशी आपल्या दारव्ह्यातल्या साप्ताहिकाचे संपादक घरी आले. म्हणाले, शब्बीर मिस्त्रीवर दोन पानं द्या, शाळेपासूनची दोस्ती, तुमच्याएवढं कोणाला माहीत? मी लगेच हो म्हटलं. घरी बसून लिहिलं, 'फवारणी पंप दुरुस्त करणारे शब्बीरभाई अत्यंत मनमिळाऊ होते.' वाचलं आणि फाडून टाकलं. तू कधी रे मनमिळाऊ होतास? पंप न धुता आणला की गिऱ्हाइकाला पायरीवरून हाकलायचास. "पयले धुवून आण, मंग तोंड दाखव," असं पाटलालाही म्हणालास. पंपाचा नुसता वास घेऊन कोणत्या वावरात कोणतं औषध मारलं ते सांगायचास, आणि दोन औषधं एकत्र मिसळली असतील तर वॉशर बदलायच्या आधी अर्धा तास भाषण द्यायचास. लिहायला बसलो की माझी भाषा सरकारी होते. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, साहेब, हे काय निवेदन लिहून राह्यला?

ते फाडण्याचं दुसरं कारणच खरं आहे. हे बारा दिवस जो तो येऊन मला सांगतो, "वसंतभाऊ, तुम्ही होते म्हणून तीन साल तरी निघाले. सख्खा भाऊ करत नाही एवढं केलं तुम्ही." तुझ्या घरातून सलमाभाभीनेही निरोप पाठवला, वसंतभाईंना माझी दुआ सांगा. आणि मी प्रत्येक वेळी मान हलवतो. पोळ्यानंतर तुझ्या दुकानात काय झालं ते फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक गेला. उरलेल्याने तोंड उघडलं नाही तर गोष्ट संपली. भाभीला न सांगता तुझ्यावर दोन पानं छापून आणायची आणि त्यात पुन्हा आपलीच आरती ओवाळून घ्यायची, एवढा मी निर्ढावलेला नाही. निदान तसं मला वाटायचं. पण बारा दिवस गप्प राहिलोच ना.

तुला आठवतच असेल तो सापळा. कसा विसरशील, शेवटपर्यंत छळलंस मला त्यावरून. गुलाबी बोंडअळीने आपल्या भागातला कापूस खाल्ला त्या सालची गोष्ट. बीटी बियाण्याला अळी लागत नाही असं सगळे सांगत, आणि सात गावांचा कृषी सहायक म्हणून मीही सांगत असे. अळीने त्या बियाण्याशी जुळवून घेतलं होतं, ते आम्हाला उशिरा कळलं. तुझ्या तीन एकरांत मी कामगंध सापळा लावला होता. सापळ्यात मादीच्या वासाची एक वडी असते, त्या वासाला भुलून नर पतंग येतात आणि अडकतात. पतंग मोजायचे, वहीत लिहायचे, ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की फवारणी सांगायची. माझ्या वहीत दोन, एक, शून्य, शून्य. मी खूश.

तू एक दिवस वॉशर कापायच्या चाकूने एक हिरवं बोंड फोडलंस आणि माझ्या नाकाखाली धरलंस. आत अळी, गुलाबी, गुटगुटीत.

"एखादी निघतेच," मी म्हटलं. "सापळा खाली आहे, एक पतंग नाही त्यात."

"सापळा खाली आहे तं तुही वडी बसली असन, साहेब. बोंड तं भरेल आहे ना."

"तू पंप पाह्य. अळीचं मले समजते."

तू बोंड फेकून दिलंस आणि सायकलवर बसून निघून गेलास. पुढच्या तीन आठवड्यांत सातही गावांत बोंडं उमलली ती किडकी, पिवळी. वेचायला बाया येईनात, असल्या कवडी कापसाला व्यापारी हात लावीनात. वडी कार्यालयाच्या कपाटात अख्खा उन्हाळा पडून होती, तिचा वास कधीच उडून गेला होता. मी तारीख पाहिली नव्हती. ग्रामपंचायतीत बैठक झाली तेव्हा लोक अंगावर आले, "साहेब, तुमीच तं म्हणे अळी नाही." मी म्हटलं, वड्या वरूनच खराब आल्या. तू मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होतास. एक वाक्य पुरलं असतं, मी ह्यांना बोंड फोडून दाखवलं होतं. तू उठलास आणि म्हणालास, "अरे, साहेबाले चहा तं सांगा कोणी."

बाहेर आल्यावर मी विचारलं, काहून नाही बोलला? तर म्हणालास, "तुही नोकरी गेली असती तं मले कापूस वापस भेटला असता काय?" तुझा तीन एकर कापूस गेला होता शब्बीर, आणि तू मला झाकलंस. लोकांसमोर कधी चकार शब्द काढला नाहीस. एकट्यात मात्र माझं नावच बदललंस. "ये खाली डब्बा, चहा घेतो काय?" मी चिडायचो, तुला मजा यायची. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी गावोगाव एकच सांगत फिरलो, सापळ्यावर विसंबू नका, वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा. शेतकरी माझी नक्कल करायचे. सगळ्या जगाला शिकवलं मी ते.

तुला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा तो हाडांत पोचलेला होता. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. तुला शंका फार. "ह्या सुईनं होते काय पण?" त्यांनी कागदावर काढून दाखवलं होतं. या पेशी पुरुषाच्या हार्मोनवर जगतात. पेशीवर एक कुलूप आहे, हार्मोन म्हणजे त्याची चावी. इंजेक्शनने आपण चाव्या बनवणंच बंद करतो. तू मिस्त्री माणूस, तुला ते पटलं. पीएसए नावाचा रक्तातला आकडा धडाधड खाली आला, तू परत दुकानात बसायला लागलास, आणि आपल्याला वाटलं सुटलो.

दीड वर्षाने आकडा चढला. बाईंनी पुन्हा कागद घेतला. म्हणाल्या, काही पेशींनी आपल्या जनुकांत फेरफार केला, एका कुलपाच्या जागी ढीगभर कुलपं बसवली. आता कुठून तरी चुकार चावी मिळाली तरी दार उघडतं. काहींनी तर कुलूप असं वाकवलं की चावीच लागत नाही. औषधाने ज्या मेल्या त्या मेल्या, ज्या वाचल्या त्यांचाच वंश वाढला. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "म्हंजे अळीच ना बे." बाईंना काही कळलं नाही. मी त्यांना बोंडअळी समजावून सांगितली, त्या हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच. नव्या गोळ्या सुरू झाल्या. आकडा पुन्हा खाली आला, पहिल्याहूनही खाली. परतीच्या गाडीत तू संत्री खात मला पूर्ण रस्ता डिवचत होतास. तुझ्याबरोबरचे ते दिवस चांगले गेले रे. आजारपणात गेले असं वाटतच नाही.

आता पोळ्यानंतरचं. दुकानात कोणी नव्हतं, तुझा धाकटा भाऊ रशीद बसस्टँडवर सामान आणायला गेलता. तू स्टुलावर बसून होतास, हातात काम नव्हतं. पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतंस, ते मला दिसलं. म्हणालास, "साहेब, नागपूरची तारीख दिवाळीनंतरची आहे. जरा आधी जाऊन येऊ काय? कमरेत वेगळंच दुखून राह्यलं. जेवण बी जात नाही."

मी खिशातून यवतमाळच्या लॅबचा कागद काढला, मीच आणला होता तो आदल्या दिवशी. "हे पाह्य. एवढी कमी पीएसए तुही कधीच नव्हती. पंप उचलतो म्हणून दुखते कंबर. वहम आहे तुले."

तू कागद हातात घेतलास. बराच वेळ पाहिलास. मग घडी करून मला परत दिलास. "तू म्हणतो तं ठीक."

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. जन्मभर भांडलास, चहात साखर किती यावरून भांडलास, त्याच दिवशी नाही. आणि मी का नाही म्हटलं ते ऐक. माझ्या घरी रंगाचं काम चालू होतं. पेंटर दोन दिवसांचेच होते, पुन्हा दिवाळीपर्यंत मिळणार नव्हते, आणि मला बैठकीच्या रंगाची छटा स्वतः उभं राहून पाहायची होती. एवढंच कारण. तिसऱ्या दिवशी जाता आलं असतं, पण तोवर मी विषय संपवला होता. दुसरं कोणी तुझ्यासोबत जाऊ शकत नव्हतं, इंग्रजी कागद वाचणारा मीच. कागद हातात होता, आकडा कमी होता, माझी सोय झाली. भिंती पिस्ता रंगाच्या झाल्या. आता त्या खोलीत मला बसवत नाही.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा बाईंनी तुझ्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. स्कॅन झालं. लिव्हरमध्ये पसरलं होतं. सुईने तिथला तुकडा काढला आणि त्याची जनुकं तपासायला पाठवली. दुसऱ्या खेपेला त्या सावकाश बोलल्या, मी एकेक शब्द ऐकला. पेशीला ताब्यात ठेवणारी दोन जनुकं मोडली होती, त्यातलं एक तर गायबच होतं. त्या पेशींनी आता प्रोस्टेटचा स्वभावच सोडून दिला होता. हार्मोन नको, कुलूप नको. आणि त्या पीएसए बनवतच नव्हत्या. "म्हणून रक्तात आकडा कमी दिसत राहिला," बाई म्हणाल्या. "आजार वाढत होता, तो आकडा त्याचा उरलाच नव्हता."

माझ्या कानात तुझंच वाक्य आलं. सापळा खाली आहे तं तुही वडी बसली असन.

बाई आणखी एक सांगत होत्या. एक बदल जन्मापासूनचा होता, तुटलेला डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकातला. तू तेवढ्यातही म्हणालास, "म्हंजे मिस्त्रीच बेकार निघाला ना, मॅडम." त्यासाठी एक गोळी असते, पण आता लिव्हर ती पेलणार नाही, आधी केमो देऊन पाहू, असं त्या म्हणाल्या. आणि हा बदल घराण्यात असू शकतो, भावाने तपासून घ्यायलाच हवं. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "त्रास कधी सुरू झाला? आधी काही जाणवलं नाही?"

मी तोंड उघडलं होतं शब्बीर. खरंच उघडलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि बाईंना म्हणालास, "नाही मॅडम. आत्ताच, आठ-दहा दिवस झाले."

दुसऱ्यांदा झाकलंस मला. पहिल्या वेळी माझी नोकरी होती. या वेळी काय वाचवलंस तू? मी बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं. तू बाकावर बसून पिशवी आवरत होतास. म्हणालास, "चाल खाली डब्बा, गाडी जाईन." मी म्हटलं, शब्बीर, मी... तू म्हणालास, "चाल ना बे." ते वाक्य तिथेच राहिलं. नंतर केमोच्या दोन खेपांना गेलो, दोन्ही वेळा ठरवून गेलो, आज बोलीन. तू उलट्यांनी बेजार. मी काय बोलणार, आणि बोललो असतो तरी तुलाच मला समजवावं लागलं असतं. एकदा मी बाईंना एकट्यात गाठलं, अडीच महिने आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, हा प्रकार वाईटच असतो, वाचले असते असं मी म्हणणार नाही, पण ती गोळी देऊन पाहता आली असती. थोडे महिने, कदाचित. कदाचित हा शब्द त्या दोनदा म्हणाल्या. तो मी वाटेल तसा फिरवून पाहिला, पण माझ्या बाजूने काही तो वळत नाही.

तुझा मला राग येतो हेही सांगून टाकतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. का ऐकलंस माझं? सापळ्याच्या वेळी मी चुकलो हे तुझ्याएवढं कोणाला माहीत होतं? तेव्हा बोंड माझ्या नाकाखाली धरलंस, या वेळी घडी करून कागद परत दिलास. स्वतःच्या तीन एकरांसाठी भांडणारा माणूस स्वतःच्या जिवासाठी गप्प बसला. की तुलाही तो आकडा खरा वाटावासा वाटत होता? हे विचारायचं राहिलं. तू असतास तर म्हणाला असतास, जाऊ दे ना. पण जाऊ दे म्हणायला तू आहेस कुठे?

म्हणून काल वावरातून तसाच तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर येत नाही. मी बैठकीत बसलो, आतल्या दाराला पडदा, पडद्याआड भाभी आणि उंबऱ्यावर तुझी पोरगी नाझनीन. जिच्या हातचा चहा मी चाळीस वर्षं प्यालो, तिच्याशी पडद्यातून बोलायचं. बरंच झालं. चेहरा दिसला असता तर मी तब्येतीची चौकशी करून परत आलो असतो.

मी सगळं सांगितलं. कागद, पट्ट्याचं भोक, तुझं म्हणणं, माझं म्हणणं. घरी रंगाचं काम होतं म्हणून नाही म्हटलं, तेही सांगितलं. नाझनीन खाली फरशीकडे पाहत राहिली.

मग भाभीने विचारलं, "रंगाचं काम?"

"हो भाभी."

चहा आला नाही. त्या घरात चहा न येण्याची ही पहिलीच वेळ. मी चपला घालायला उठलो. तेव्हा आतून आवाज आला, "वसंतभाई, थांबा." मी थांबलो. भाभी आधी रडली असावी, आवाज बसला होता, पण बोलली एकदम सरळ. "रशीदची पेशाब अटकून राह्यली महिन्यापासून. कॅम्पात रक्त तपासलं, पीएसए बरोबर आहे म्हणते. तोच कागद खिशात घेऊन फिरून राह्यला. नागपूरच्या मॅडमनं त्याले तपासायले सांगतलं होतं ना? कोणाचं ऐकत नाही तो. तुमी सांगा."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. आता कोणी माझा सल्ला विचारूच नये असं ठरवून मी तिथे गेलो होतो, आणि तिने मलाच काम सांगितलं.

दुकानात गेलो. रशीद तुझ्याच स्टुलावर बसून एका पंपाचा नोझल फुंकत होता. मी विषय काढताच त्याने त्या दिवशीच्या माझ्यासारखाच खिशात हात घातला आणि कागद पुढे केला. "नॉर्मल आहे, वसंतभाऊ. पाहा ना तुमी." शब्बीर, तो घ्यायला माझा हात उठला होता. आकडा पाहायचा, बरं वाटून घ्यायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं, किती सोपं होतं. मी म्हटलं, "ठेव खिशात. उद्या सकाळच्या पहिल्या जीपनं यवतमाळले जायचं. तिथून नागपूरची तारीख घेऊ."

"अन् काहीच नाही निघालं तं?"

"नाही निघालं तं नाही निघालं. संत्री खात वापस येऊ."

त्याने नोझल खाली ठेवला. मग म्हणाला, "भाई म्हणे, साहेबाले एकदा चूक समजली का तो लई तरास देते." हे तू कधी म्हणालास? चूक कोणती, ते त्याला सांगितलं होतंस का? मी विचारलं नाही.

सकाळपासून मी हे यवतमाळच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितोय. नंबर लांबचा होता, वही सोबत होती. रशीद दोनदा म्हणाला, काय लिहून राह्यले? मी म्हटलं, तुझ्या भावाला पत्र. संपादकांना हेच देणार आहे. त्यांनी छापलं तर छापलं, पण यातला रंग काढू देणार नाही. आत्ता रशीदचं नाव पुकारलं. तो उठला, शर्टाची बटणं लावली, आणि आत जाताना कॅम्पातला तो कागद माझ्या हातात देऊन गेला. घडी केलेला आहे. मी उघडून पाहिलेला नाही.